नकाशावरचा गुलाबी रंग : युद्धोत्तर ब्रिटनमधल्या हरवलेल्या गल्ल्यांची पार्श्वभूमी

लीड्स, मँचेस्टर, सॅल्फर्ड, शेफील्ड. यातल्या कुठल्याही शहराच्या जुन्या फोटोंचा संग्रह उघडला की चित्र साधारण तेच दिसते. धुराने काळ्या पडलेल्या विटांची घरांची रांग, उंबरठ्याला पांढरी कड, रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोरीवर सोमवारचे धुणे. खाली लोक लिहितात की तेव्हा दाराला कुलूप लागत नसे आणि सगळे एकमेकांना ओळखत. यातल्या पुष्कळ फोटोंचा जन्म मात्र आठवण जपण्यासाठी झालेला नाही. नगरपालिकांच्या आरोग्य आणि अभियंता खात्यांनी ती घरे पाडायची होती म्हणून, दप्तरी पुरावा म्हणून ते काढून घेतले होते. एका पिढीने जो कागद आरोपपत्राला जोडला, तोच पुढच्या पिढीने चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. हे कसे घडले याचे उत्तर भावनांपेक्षा निवासविषयक कायद्यांच्या कलमांत आणि परिशिष्टांत जास्त सापडते.

नॉस्टॅल्जियाला मराठीत दोन शब्द चालतात. स्मरणरंजन म्हटले की आठवणीत रमण्याचे सुख पुढे येते, गतकातरता म्हटले की त्यातली कळ. मूळ शब्द कळेच्या बाजूचा आहे. 1688 साली बाझेलमधल्या एका वैद्यकीय प्रबंधात परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांच्या घरओढीला रोग ठरवले गेले आणि ग्रीकमधल्या ‘घरी परतणे’ व ‘वेदना’ या शब्दांची मोट बांधली गेली. त्या रोगावर रामबाण उपाय एकच, रोग्याला घरी पाठवणे. युद्धोत्तर ब्रिटिश शहरांत हा उपाय लागू पडत नाही. तिथे माणूस गावातच राहिला आणि घर गेले.

मागचे थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात गिरण्या, गोद्या आणि कारखान्यांभोवती घाईने बांधलेली ही घरे. आपल्याकडे स्लम म्हटले की पत्र्याची झोपडपट्टी डोळ्यासमोर येते. इथे बोलणे चालले आहे ते पक्क्या विटांच्या, स्लेटच्या छपराच्या, रांगेतल्या घरांबद्दल. त्यातही सर्वांत दाटीची म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेली ‘बॅक-टू-बॅक’ घरे. तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, दार-खिडक्या एकाच बाजूला, आरपार हवा नाही. चौकात एक नळ, सामाईक संडास आणि कपडे धुण्याची खोली. 1909 च्या कायद्याने ती नव्याने बांधायला बंदी केली. लीड्समध्ये आधीच मंजूर झालेल्या आराखड्यांच्या जोरावर ती 1937 पर्यंत बांधली जात राहिली. पाडकामाला वेग आला तो 1930 च्या कायद्याने. 1939 मध्ये युद्धाने ते थांबवले, आणि बॉम्बवर्षावाने सुमारे पावणेपाच लाख घरे कायमची निकामी केली. त्यामुळे युद्ध संपल्यावर सडकी घरे पाडणे कुणाला परवडणार नव्हते. जे उभे होते त्यात लोक राहिले. सरकारने दीड लाखांहून अधिक आयती, तात्पुरती घरे उभारली. त्यांचे आयुष्य 10 ते 15 वर्षे धरले होते. आत शीतकपाट आणि बसवलेले न्हाणे असल्याने लोक ती सोडायला तयार होईनात, आणि काही तर एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. 1951 च्या जनगणनेत 37 टक्के कुटुंबांकडे बसवलेले न्हाणे नव्हते, हे लक्षात घेतले तर त्यांचा हट्ट समजतो.

खरी गोष्ट सुरू होते 1954-55 पासून. त्या वर्षी पाडकाम पुन्हा हाती घेण्याचे ठरले आणि मंत्रालयाने प्रत्येक नगरपालिकेला विचारले, तुमच्या हद्दीत वस्तीस अयोग्य घरे किती? इंग्लंड आणि वेल्सची बेरीज आली सुमारे 8,47,000. लिव्हरपूलने 88,000 कळवली, म्हणजे शहरातल्या दर पाचांतली दोनहून जास्त. मँचेस्टरने 68,000. पुढच्या वीस वर्षांत देशभर सुमारे 13 लाख घरे पाडली गेली. आणि गंमत अशी, की 1967 मध्ये प्रशिक्षित निरीक्षकांनी नमुना पाहणी केली तेव्हा अयोग्य घरांचा आकडा 18 लाख निघाला. बारा वर्षे पाडूनही शिल्लक दुपटीहून जास्त. याचे कारण घरे अचानक कुजली हे नव्हे. 1955 चा आकडा मोजणीचा नव्हताच. प्रत्येक नगरपालिकेने आपल्याला नजीकच्या काळात जेवढी पाडता येतील असे वाटले तेवढी कळवली होती. ‘अयोग्य’ हा शब्द इतका ताणला जाऊ शकत होता.

‘अयोग्य’ म्हणजे काय

या एका शब्दावर जरा थांबायला हवे, कारण पुढचा सगळा गुंता त्यातून सुटतो. कायद्याची शब्दयोजना ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशी होती. मुंबईत प्लेगनंतर 1898 साली आलेला शहर सुधारणेचा कायदा याच इंग्रजी घराण्यातला, म्हणून ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. 1954 मध्ये तिला नेमकी कसोटी मिळाली आणि 1957 च्या कायद्याच्या चौथ्या कलमात ती पक्की झाली. निरीक्षकाने आठ बाबी पाहायच्या : दुरुस्ती, बांधकामाची स्थिरता, ओलीपासून मुक्तता, नैसर्गिक उजेड, हवा, पाणीपुरवठा, मलनिःसारण व संडास, आणि अन्न साठवण्याची, रांधण्याची व सांडपाणी काढून देण्याची सोय. यातल्या एका किंवा अधिक बाबतींत घर इतके सदोष असेल की त्या अवस्थेत ते राहायला रास्तपणे योग्य नाही, तर आणि तरच ते अयोग्य. 1969 मध्ये खोल्यांची अंतर्गत रचना ही नववी बाब जोडली गेली.

‘रास्तपणे’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितले नाही. निरीक्षक खिडकीच्या चौकटीत आणि जमिनीलगतच्या लाकडी पट्टीत चाकूचे टोक खुपसून पाही. ते सहज आत गेले की लाकूड कुजलेले. जुन्या भिंतींच्या पायथ्याशी ओल अडवणारा थर घातलेला नसे, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांतून तीन-तीन फूट वर चढे आणि गिलावा फुगे. निरीक्षक ती ओल भिंतीला तळहात लावून किंवा ओल मोजण्याच्या यंत्राने तपासायचा. भिंत बाहेर फुगली असेल तर ओळंबा सोडायचा. हे सगळे दोष मोजता येतात. तरी किती ओल म्हणजे ‘अयोग्य’, हा निर्णय त्या माणसाच्या डोळ्यांतच राहिला. एकाच रांगेतल्या दोन घरांबद्दल नगरपालिकेचा निरीक्षक आणि मालकाचा सर्व्हेअर भूसंपादनाच्या जाहीर चौकशीत शपथेवर उलट बोलत, आणि दोघेही खोटे नसत.

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज न्हाणीघराबद्दल होता, आजही आहे. घरात न्हाणे नाही, गरम पाणी नाही, संडास अंगणात आहे, एवढ्यावरून घर अयोग्य ठरत नव्हते. त्या यादीत न्हाणे नाहीच. न्हाणे, हात धुण्याचे भांडे, गरम पाणी, घरातला किंवा घराला लागून संडास आणि अन्नाचे कपाट या पाच ‘प्रमाण सोयी’ वेगळ्या कायद्यात होत्या. 1959 पासून त्या बसवून घेणाऱ्या मालकाला निम्मा खर्च अनुदान म्हणून मिळे, जास्तीत जास्त 155 पौंड. म्हणजे एका खात्याकडून अनुदान घेऊन मालकाने मागच्या खोलीत न्हाणे बसवावे आणि काही वर्षांत दुसऱ्या खात्याने ती अख्खी गल्ली पाडायला काढावी, हे दोन्ही कायदेशीर होते आणि घडतही होते.

आता रंगांकडे. पाडायच्या विभागाच्या सक्तीच्या भूसंपादनाला जोडलेल्या नकाशावर अयोग्य घर गुलाबी रंगवले जाई. घर ठीक, पण रचना वाईट म्हणून घेतलेले (गल्ली फार अरुंद, घर दुसऱ्याच्या उजेडाला आडवे) ते गुलाबीवर पिवळ्या रेघा ओढून. आणि घर चांगले, पण नव्या आराखड्यासाठी जमीन सलग हवी म्हणून घेतलेले ते करडे. करड्या घराला बाजारभाव मिळे. गुलाबी घराला फक्त जागेची किंमत, म्हणजे वरची इमारत शून्य धरून. रांगेतल्या घराखालची पट्टी बारा-चौदा फूट रुंद. तिची किंमत ती काय येणार?

युक्तिवाद असा होता की राहायला नालायक वस्तू भाड्याने देणाऱ्याला लोकांच्या पैशातून नफा का द्यावा. घरमालकाच्या बाबतीत तो पटण्याजोगा आहे. पण युद्धानंतर घरटंचाईत हजारो कामगारांनी राहते घर मालकाकडून विकत घेतले होते, पूर्ण किंमत मोजून, कर्ज काढून. त्यांनाही गुलाबी रंगाने तोच न्याय लावला. 1956 मध्ये तडजोड झाली : 1 सप्टेंबर 1939 नंतर घेतलेल्या आणि 13 डिसेंबर 1955 रोजी स्वतः राहत असलेल्या मालकाला बाजारभाव, तोही ठरावीक मुदतीपुरता. ज्याने ऑगस्ट 1939 मध्ये घर घेतले किंवा 1956 च्या जानेवारीत घेतले तो बाहेर. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना बाजारभावाची व्यवस्थित हमी मिळाली ती 1969 मध्ये. तोपर्यंत मोठ्या शहरांतले पुष्कळ वाईट विभाग साफ झाले होते.

याहून विचित्र म्हणजे ‘सुस्थितीत राखल्याबद्दल’चे देणे. घर अयोग्य आहे, पण राहणाऱ्याने किंवा मालकाने ते नीटनेटके ठेवले आहे असे मान्य झाले तर कायदा वेगळी रक्कम देई. अयोग्य आणि सुस्थितीत, ही दोन्ही विशेषणे एकाच घराला भूसंपादनाच्या एकाच हुकमात लागू शकत. कायद्याच्या तर्कात यात विसंगती नाही, कारण भिंतीच्या पायातली ओल पॉलिश करून जात नाही. पण ज्या बाईने पस्तीस वर्षे रोज उंबरठा घासला तिला तिचे घर स्लम आहे असे सांगणारी नोटीस दारावर चिकटवलेली दिसली, तेव्हा तिने तो शब्द घराबद्दल वाचला नाही, स्वतःबद्दल वाचला. पुढे आठवणींत जो ताठा दिसतो, ‘आम्ही गरीब होतो पण स्वच्छ होतो’, त्याचा उगम इथे आहे.

आणि एक. हुकमाची व्यक्तिगत नोटीस मालकाला, पट्टेदाराला आणि ‘भोगवटादाराला’ द्यायची होती. पण महिनाभर किंवा त्याहून कमी मुदतीचे भाडेकरू त्यातून वगळलेले होते. इंग्रजी कामगारवस्त्यांत भाडे आठवड्याला चुकते होई. म्हणजे ज्या लोकांची गल्ली जाणार होती त्यांतले बहुसंख्य लोक कायद्याच्या नजरेत आक्षेप घेण्याइतकेही संबंधित नव्हते. चौकशीत वाद चाले तो मालकांचा, गुलाबीचे करडे व्हावे म्हणून. गल्लीचे काय, हा प्रश्न विचारायला त्या खोलीत कायद्याने कुणाला खुर्ची दिलेली नव्हती. आठ बाबींत शेजार नव्हता, कोपऱ्यावरचे उधारीचे दुकान नव्हते, दोन दारे सोडून राहणारी आई नव्हती. घर मोजले गेले, गल्ली मोजली गेली नाही. नंतरच्या साठ वर्षांचे स्मरणरंजन जवळजवळ पूर्णपणे त्या न मोजलेल्या रकान्याबद्दल आहे. ओलीची आठवण कुणी काढत नाही.

ठराव ते ढिगारा

कागदावरचा क्रम सरळ होता. आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल, घरोघर तपासणी, नगरपालिकेचा ठराव, भूसंपादनाचा हुकूम, वर्तमानपत्रात जाहिरात, आक्षेप, स्थानिक चौकशी, मंत्र्याची मंजुरी (काही घरांचा रंग बदलून), मग पुनर्वसन आणि पाडकाम. प्रत्यक्षात यात चार-पाच वर्षे सहज जात, कधी दहा. आणि बिघडायचे ते याच काळात.

गल्ली पाडायच्या यादीत आहे एवढे कळले की मालक दुरुस्ती थांबवी. इमारतीला शून्य किंमत मिळणार असेल तर छपरावर खर्च कोण करील? नवी घरे एकदम तयार होत नसत, त्यामुळे कुटुंबे एकेक करून हलत. रिकाम्या घराचे गॅस, पाणी, वीज तोडून खिडक्यांना पत्रे ठोकले जात. चोर आधी छपराच्या सांध्यांवरचे शिसे नेत, मग तांब्याचे नळ. शिसे गेले की पहिल्या पावसात छपराखालचे लाकूड भिजे, आणि सामाईक भिंतीतून ओल शेजारच्या, अजून वस्ती असलेल्या घरात उतरे. कुठे राहिलेले पाणी हिवाळ्यात गोठून नळ फुटे. उघड्या गटारांतून उंदीर. दहा घरांच्या रांगेतली चार रिकामी झाली की उरलेल्या सहांना खरोखरच राहण्यासारखे काही उरत नसे. ठरावाच्या दिवशी जे घर वादग्रस्त गुलाबी होते ते पाडकामाच्या दिवसापर्यंत निर्विवाद गुलाबी झालेले असे. पाडकामाचे समर्थन करणारे पुष्कळ फोटो या शेवटच्या टप्प्यातले आहेत, हे संग्रह पाहताना विसरू नये.

कुणाला कुठले घर मिळणार हे ठरवायला घरोघरी एक बाई येई, नगरपालिकेची भेट-अधिकारी. ती पलंगाच्या चादरी, मोरी, मुलांचे कपडे पाहून कुटुंबाला चांगले, मध्यम किंवा वाईट असा शेरा देई. चांगल्यांना नवे घर, वाईट शेऱ्याच्यांना युद्धापूर्वीच्या जुन्या वसाहतीतले. शेरा कुटुंबाला दाखवला जात नसे. शेजारी वेगवेगळ्या टोकांना का गेले याचे कोडे अनेकांना आयुष्यभर सुटले नाही. त्याचे एक उत्तर या कार्डांत होते.

हललेले लोक गेले शहराच्या कडेला. लिव्हरपूलबाहेरच्या कर्कबीची लोकसंख्या 1951 मध्ये जेमतेम 3,000 होती, 1961 मध्ये 52,000. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची माणसे ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कॅसलमिल्कला. तिथला कायदा वेगळा, अनुभव तोच. नवे घर कोरडे होते, संडास आत होता, मुलांना खोली होती. हे सगळे पहिल्या आठवड्यात कळे. बसचे भाडे, दोन दुकानांच्या जागी एक आणि तेही महाग, उधारी बंद, हे पहिल्या महिन्यात. आई लांब राहिली हे पहिल्या बाळंतपणात.

उंबरठ्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. उत्तर इंग्लंडमध्ये दाराची पायरी ‘डाँकी स्टोन’ने घासून तिला पांढरी किंवा पिवळसर कड काढत. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच पावडर यांची ही वडी. भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात देई. पायरी ओली करायची, कडेने वडी ओढायची, वाळू द्यायची. रोज सकाळी सगळ्या बायका एकाच वेळी गुडघ्यांवर बसलेल्या, म्हणजे गल्लीची बातमीपत्रे त्याच वेळी वाटली जात. कुणाची पायरी आज घासली गेली नाही यावरून आजारपण कळे. फ्लॅटला पायरीच नव्हती. ही वडी करणारा शेवटचा कारखाना ॲश्टन-अंडर-लाइनला होता, तो 1979 मध्ये बंद पडला. कुठल्याही आराखड्यात पायरी काढून टाका असे लिहिलेले नव्हते.

उंच इमारतींचा दोष आता सर्रास वास्तुरचनाकारांवर टाकला जातो. हिशेब पाहावा. 1956 च्या अनुदान कायद्यात पाडकामाच्या बदल्यात बांधलेल्या घरामागे नगरपालिकेला केंद्र सरकारकडून वर्षाला 22 पौंड 1 शिलिंग मिळत; सहा मजली इमारतीतल्या फ्लॅटमागे 50 पौंड, आणि त्यावर प्रत्येक मजल्यामागे 1 पौंड 15 शिलिंग. 22 मजल्यांना हे फ्लॅटमागे 78 पौंड होते. साठ वर्षे. उंच बांधणे महाग होते, हे खरे. पण त्या महागाईचा मोठा भाग दुसरा कुणी भरत होता. शहराला आपले करदाते हद्दीबाहेर जाऊ द्यायचे नव्हते, आणि ठेकेदारांकडे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या आयत्या भिंती तयार होत्या. 1967 च्या कायद्याने सहा मजल्यांवरचे वाढीव अनुदान बंद झाले. 16 मे 1968 च्या पहाटे पावणेसहाला पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन इथे रोनन पॉइंट या 22 मजली टॉवरच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, बाहेरची भिंत ढकलली गेली आणि अख्खा कोपरा पत्त्यांसारखा वर-खाली कोसळला. चार जण गेले. शेगडीला गॅसची नळी जोडणारा पितळी नट निकृष्ट होता. पण कोपरा कोसळला तो भिंती एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या होत्या म्हणून, एक निसटली की वरच्या बसायला जागा नव्हती. 1986 मध्ये टॉवर तुकड्या-तुकड्याने उतरवला तेव्हा जिथे सांध्यात मॉर्टर हवे तिथे वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. टॉवरचे युग या अपघाताने संपले असे सांगितले जाते. पैशाने ते आधीच संपवायला घेतले होते.

सगळेच बांधकाम गल्लीला विसरलेले नव्हते. शेफील्डच्या पार्क हिलमध्ये (1957-61, 995 फ्लॅट) दर तिसऱ्या मजल्याला दहा फूट रुंद उघडे सज्जे ठेवले, त्यांना पाडलेल्या रस्त्यांची नावे दिली आणि शक्य तिथे जुने शेजारी जवळजवळ बसवले. दुधाची गाडी लिफ्टने वर येई. टेकडीच्या उतारामुळे इमारत एका टोकाला चार मजली, दुसऱ्या टोकाला तेरा, माथा मात्र एका पातळीत. पहिली काही वर्षे ती चालली. पुढे देखभालीचा पैसा आटला, आणि 1998 मध्ये ती संरक्षित इमारत ठरली तेव्हा शहरात निम्मे लोक हसले. आता तिच्यावरही स्मरणरंजनाचा थर चढतो आहे. न्यूकॅसलच्या बायकरमध्ये तर ‘बायकर बायकरवाल्यांसाठी’ ही घोषणा घेऊनच 1969 पासून काम झाले. मूळच्या सतरा हजारांपैकी पाचवा हिस्साही नव्या वस्तीत उरला नाही. कारण नेहमीचेच : पाडणे बांधण्याच्या पुढे धावले आणि थांबलेली माणसे मिळेल तिथे निघून गेली.

‘समूह’ किंवा ‘कम्युनिटी’ हा शब्द या वादात आला तो उशिरा आणि विद्वानांकडून. पूर्व लंडनच्या बेथ्नल ग्रीनमधून एसेक्समधल्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांची पाहणी 1957 मध्ये प्रसिद्ध झाली. आई आणि विवाहित मुलगी यांच्यातले रोजचे येणे-जाणे हाच जुन्या वस्तीचा कणा होता आणि स्थलांतराने तो मोडला, असा तिचा निष्कर्ष. पिढ्यान्‌पिढ्या नियोजनाचे विद्यार्थी त्यावर वाढले. त्या पाहणीची मूळ टिपणे अलीकडे पुन्हा वाचली गेली तेव्हा त्यांत शेजाऱ्यांच्या डोकावण्याला कंटाळलेली, एकांतासाठी आसुसलेली माणसेही भरपूर निघाली. ती छापील पुस्तकात दबली होती. दुसऱ्या टोकाला, उत्तरेतल्या एका शहराच्या नियोजन अधिकाऱ्याने 1963 मध्ये जाहीरपणे लिहिले, की नागरी अभिमान नसलेल्या लोकांचे गट मोडले तर ते बरेच म्हणता येईल. गल्लीला कुणी देवघर केले, कुणी रोगाचे मूळ. आत राहणारे दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होते.

चित्राच्या चौकटीबाहेर कोण राहिले हेही पाहावे लागते. 1948 नंतर कॅरिबियन बेटांतून, पंजाबातून, पाकिस्तानातून आलेल्यांना बर्मिंगहॅममध्ये पाच वर्षे शहरात काढल्याशिवाय नगरपालिकेच्या घराच्या यादीत शिरता येत नव्हते. ते राहिले मोठ्या जुन्या घरांतल्या भाड्याच्या खोल्यांत, किंवा जे घर इतर सोडून जात होते, ज्याला नोटीस लागलेली होती, त्यात. म्हणजे अनेक गल्ल्यांचे शेवटचे शेजारी हेच होते. ‘सगळे एकमेकांना ओळखत’ म्हणणाऱ्या आठवणी मात्र बहुधा त्यांच्या येण्याआधी थांबतात. यात दर वेळी द्वेष असतो असे नाही. पण गल्ली बिघडली आणि अनोळखी चेहरे आले या दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या, आणि पहिलीचे कारण जो ठराव होता तो दिसत नव्हता.

1967 पासून वारे फिरले. त्या वर्षी संवर्धन क्षेत्रांचा कायदा आला, 1969 मध्ये पाडण्याऐवजी सुधारण्यासाठी वाढीव अनुदाने. तेलसंकटाने आणि सरकारी काटकसरीने उरलेले काम केले. 1973 च्या भरपाई कायद्यात एक कलम आहे, ज्याकडे या विषयावर लिहिणारे फारसे पाहत नाहीत : ‘घर गमावल्याचे देणे’. जागेची किंमत, इमारतीची किंमत, हलण्याचा खर्च या सगळ्यांहून वेगळे, केवळ राहते घर सुटले म्हणून. आणि भाडेकरूलाही, पाच वर्षे राहिलेला असला तर. घराच्या करमूल्याच्या तिप्पट, कमीत कमी 150 पौंड, जास्तीत जास्त 1,500. न मोजलेल्या रकान्यात कायद्याने पहिल्यांदा आकडा घातला, तेव्हा अनेकांची घरे जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली होती.

तोवर स्मरणरंजनाचा धंदा उभा राहिला होता. सॅल्फर्डसारख्या एका कल्पित गावातल्या गल्लीवरची दूरचित्रवाणी मालिका डिसेंबर 1960 मध्ये सुरू झाली, ती आजही चालू आहे. तिच्या नमुन्याला वापरलेली ऑर्डसॉलमधली आर्ची स्ट्रीट 1971 मध्ये पाडली गेली; नक्कल उरली, अस्सल गेली. 1973 मध्ये ब्रेडच्या एका जाहिरातीत दगडी चढावरून सायकल ढकलणारा पोरगा दिसला आणि ब्रास बँड ऐकू आला. देश त्याला उत्तरेतले कामगारगाव समजून गहिवरला. चढ होता दक्षिणेतल्या डॉर्सेट परगण्यातल्या शाफ्ट्सबरीचा, जिथे गिरणीचा धूर कधी फारसा पोचला नाही.

त्याच सुमारास लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये शिकलेले मध्यमवर्गीय लोक तशीच जुनी रांगेतली घरे घेऊन, अनुदानातून न्हाणे बसवून राहू लागले होते. मूळ भाडेकरू हटवून वस्ती वरच्या वर्गाची होण्याच्या या प्रकाराला एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले. वीट तीच, ओल तीच. राहणारा बदलला की गुलाबी घर ‘जॉर्जियन’, म्हणजे जपण्याजोगा जुना वारसा, ठरते.

बर्मिंगहॅममध्ये हजारो बॅक-टू-बॅक घरांपैकी एकच चौक उरला, इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा. खाली दुकाने चालू असल्याने तो वाचला. 1988 मध्ये तो संरक्षित झाला, 2004 मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. आत चार वेगवेगळ्या काळांतली घरे मांडली आहेत, चौकातल्या संडासासकट.

पाडकामाची ओढ पुरती गेलेली नव्हती. 2002 मध्ये उत्तरेतल्या शहरांसाठी ‘घरबाजार नूतनीकरणा’ची योजना आली. या वेळी घरे अयोग्य आहेत असा दावा फारसा नव्हता. त्यांना मागणी नाही, हे कारण होते. लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथमधल्या वेल्श स्ट्रीट्सना नोटिसा गेल्या, कुटुंबे हलली, खिडक्यांवर पत्रे चढले, शिसे गेले, छपरे गळू लागली. 2011 मध्ये योजनेचा पैसा बंद झाला. 2014 मध्ये चौकशी भरली. आता बाजू मांडायला रहिवासीही होते आणि वारसा जपणारेही, आणि त्यांच्यात एकमत नव्हते. कित्येक रहिवाशांना नवे घरच हवे होते. जानेवारी 2015 मध्ये मंत्र्याने पाडकाम नामंजूर केले. नंतर त्या घरांची दुरुस्ती झाली, काही ठिकाणी दोन घरांच्या मधली भिंत काढून एक केले, मागच्या बोळांच्या सामाईक बागा झाल्या आणि घरे बाजारभावाच्या भाड्याने गेली.

आठ-नऊ बाबींची जुनी कसोटी 2006 मध्ये बाद झाली. तिच्या जागी 29 धोक्यांना गुण देण्याची पद्धत आली, ओल आणि बुरशी पहिल्या क्रमांकावर. लीड्समध्ये 19,000 हून अधिक बॅक-टू-बॅक घरे अजून उभी आहेत, तिकिटाविना, आणि त्यांत लोक राहतात. हेअरहिल्समध्ये रस्त्यावर आडवी दोरी बांधून धुणे वाळत घातलेले आजही दिसते, कारण मागे अंगण नाही.